शीह आणि मलेरियाचे औषध

‘अरब देशांतील शीह या वनस्पतीपासूनच मलेरियाचे औषध निघते, म्हणून तिचा काढा घेतला की मलेरिया बरा होतो,’ असे अनेक वर्षांपासून सांगितले जाते. अरबीत शीह हे नाव मुख्यतः आर्टेमिसिया हर्बा-आल्बा या करड्या, सुगंधी झुडपाचे असून सिनाईपासून मोरोक्कोपर्यंत पोटदुखी व जंत यांवर त्याचा काढा परंपरेने दिला जातो, एवढे खरे आहे. मात्र चीनमध्ये १९७२ साली वेगळे काढलेले आर्टेमिसिनिन हे मलेरियाचे औषध आर्टेमिसिया ॲन्युआ या निराळ्या जातीतील द्रव्य आहे. (आपला दवणाही याच वंशातला; त्याला मात्र कोणी मलेरियाचे औषध म्हणत नाही.) पुडीवरील शास्त्रीय नाव वाचले की हा फरक लगेच कळतो. मलेरिया आहे की नाही, हे रक्ततपासणीतूनच ठरते आणि ॲन्युआच्या काढ्यातही औषधाचे प्रमाण दरवेळी वेगळे उतरत असल्याने तो गोळ्यांच्या जागी चालत नाही.