जिंगल-संगीतकार (ठाणे व नवी मुंबई)

जिंगल-संगीतकार : जाहिरातींची गाणी, मालिकांची शीर्षकगीते आणि पार्श्वसंगीत यांवर चरितार्थ चालवणारा व्यावसायिक. हे काम पूर्वी मुंबईतल्या मोठ्या स्टुडिओंतच होई. संगणकावर ध्वनिमुद्रण होऊ लागल्यापासून ठाण्यात, वाशी-नेरूळला फ्लॅटमधली एखादी खोलीही त्याला पुरते.

विविध भारतीची व्यापारी सेवा १९६७ मध्ये आणि दूरदर्शनवरच्या जाहिराती १९७६ मध्ये सुरू झाल्या, तशी या धंद्याला बरकत आली. वनराज भाटिया यांनी १९५९ पासून हजारो जिंगल्स केल्या. चित्रपट मिळाला तो थेट १९७४ मध्ये, ‘अंकुर’. अशोक पत्की यांच्याही जिंगल्स हजारोंनी मोजतात, पण मराठी घरांत त्यांचे नाव पोचले ते ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’ या शीर्षकगीतांमुळे. साहजिकच आहे, जाहिरातीत श्रेयनामावली नसते.

कसब मुख्यतः सेकंदांच्या हिशेबाचे. केरवा ताल मिनिटाला ९६ मात्रांच्या (ठोक्यांच्या) लयीत धरला, तर आठ मात्रांचे आवर्तन पाच सेकंदांत संपते. तीस सेकंदांत सहा आवर्तने. सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा एक घेतो, शेवटी मालाचे नाव आणि निवेदकाची ओळ आणखी एक. गाण्याला चारच उरतात. दहा सेकंदांची छोटी आवृत्तीही द्यावी लागते; ती याच लयीत दोन आवर्तनांत चपखल बसते. चाल आधी डमी (तात्पुरत्या) शब्दांवर, बहुधा संगीतकाराच्याच आवाजात ऐकवली जाते. मंजुरीनंतर क्लायंटने नावापुढे ‘अँड सन्स’ जोडायला सांगितले, की मांडणी पुन्हा पहिल्यापासून.

स्थानिक कामे सराफ, बिल्डर, क्लासेस यांची. महापालिका निवडणुकीत प्रचारगीतांची झुंबड. प्रचारगीत रिक्षावरच्या भोंग्यातून वाजणार असते. भोंग्यात खर्ज उरतच नाही, म्हणून बेसवर मेहनत न घेता शब्द पुढे ठेवून मिक्सिंग करतात. या कामाला कमी लेखणारे पुष्कळ आहेत, पण गर्दीच्या नाक्यावर एका फेरीत शब्द कळवणे सोपे नाही.

मालिकेचे पार्श्वसंगीत वेगळेच. रोजच्या भागाला नवे संगीत करायला वेळ नसतो. सुरुवातीलाच दुःख, कट, मिश्कीलपणा यांचे तुकडे करून ठेवतात आणि पुढे तेच फिरवले जातात. प्रेक्षकालाही ते लवकरच पाठ होतात.

मोबदला बहुधा एकरकमी. स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा मान्य केला. छोट्या जाहिरातींचा व्यवहार मात्र अजून पुष्कळदा तोंडीच ठरतो.