जुना मधुमेह आणि अचानक ‘छान’ आलेली साखर

घरात वीस वर्षांपासून मधुमेह असलेले कुणी असले आणि त्यांची साखर एकाएकी कमी येऊ लागली, की सगळ्यांना बरं वाटतं. गोळ्या त्याच, इन्सुलिन तेवढंच, पथ्यही तेच. मला मात्र अशा वेळी आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालली आहेत ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट बघावासा वाटतो.

टोचलेलं इन्सुलिन शरीरातून नाहीसं करण्यात मूत्रपिंडांचा मोठा वाटा असतो. ती थकली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं आणि कालपर्यंत योग्य असलेली २० युनिटं आज जड पडतात. ग्लिमेपिराइडसारख्या, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्यांचा असरही लांबू शकतो. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता दाखवणारा आकडा, ३०च्या खाली गेला, तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी थांबवावी लागते.

सुरुवातीची वर्षं डोस वाढत जातो, हे खरं. ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात दिसलं, की निदान होतं तेव्हाच इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींची जवळपास निम्मी ताकद सरलेली असते आणि पुढेही ती घटत राहते. म्हणून इन्सुलिन लागलं तर त्यात रुग्णाचा दोष शोधू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. साधारणपणे रात्रीच्या १० युनिटांपासून सुरुवात करून, उपाशीपोटीची साखर बघत डॉक्टर ते दोन-दोन युनिटांनी वाढवतात. पण वजनाच्या दर किलोला अर्धा युनिट ओलांडूनही आकडे हटत नसतील, तर रात्रीचा डोस आणखी न वाढवता जेवणानंतरची साखर तपासायची.

वाढवण्यालाही मर्यादा आहे. अमेरिका-कॅनडातल्या अकॉर्ड चाचणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) ६च्या खाली आणण्याचा आटापिटा केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. २००८ साली तो उपचार मुदतीआधीच थांबवावा लागला. वय झालेल्या, हृदय किंवा मूत्रपिंड दुबळं असलेल्या माणसाला आठच्या आसपासचा आकडाही चालू शकतो.

आणि एकादशी! निर्जळी उपास करायचा आणि सकाळची गोळी मात्र नेमानं घ्यायची, हे फार घातक. उपासाचा डोस डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावा.

साखर ७०च्या खाली गेली, की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. म्हाताऱ्या माणसांना घाम-धडधड जाणवेलच असं नाही. नुसती असंबद्ध बडबड किंवा गुंगी दिसते आणि घरचे ‘वयामुळे’ म्हणून सोडून देतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीमुळे उतरलेली साखर एकदा सावरून काही तासांनी पुन्हा घसरू शकते, म्हणून त्या रात्री कुणीतरी जागं राहून ती मोजत राहायला हवं.