दोन महिन्यांनी काढलेलं अपेंडिक्स

दुखणं सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन सुखरूप पार पडतं, जखम भरते, पोरगं पुन्हा शाळेत जायला लागतं आणि मग पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात येतो. त्यावर लिहिलेलं असतं ‘झँथोग्रॅन्युलोमॅटस अपेंडिसायटिस’, किंवा नुसतंच ‘ग्रॅन्युलोमा आढळले’. आईबाबा तो शब्द मोबाइलवर शोधतात आणि लगेच टीबी, क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार) अशी नावं समोर येतात. झोप उडायला एवढं पुरतं. बऱ्याचदा ही भीती अनाठायी असते. का, ते समजायला आधी हे ऑपरेशन उशिरा का झालं, ते पाहावं लागतं.

अपेंडिक्सला सूज आली की एक-दोन दिवसांत ते काढून टाकणं, ही नेहमीची रीत. पण लहान मुलांत निदान हुकतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला कुठे दुखतंय ते नेमकं सांगता येत नाही. उलटी, ताप, थोडे जुलाब एवढंच दिसतं आणि घरचे ‘पोट बिघडलंय’ म्हणून थांबतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, डॉक्टरही इथे फसतात. तेवढ्यात अपेंडिक्स फुटतं. मग आतडी आणि पोटातला ओमेंटम नावाचा चरबीचा पडदा त्या जागेला चहूबाजूंनी वेढा घालतात आणि पोटात उजवीकडे खाली गोळा लागतो. असा गोळा झाल्यावर लगेच चाकू चालवला, तर सुजलेल्या, एकमेकांना चिकटलेल्या आतड्यांना इजा होण्याचा धोका असतो. म्हणून सर्जन अनेकदा आधी अँटिबायोटिक देतात, पू साठला असेल तर नळी घालून काढतात आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी अपेंडिक्स काढतात. थांबून उपचार करण्याची ही पद्धत आपल्याकडचे सर्जन आजही ‘ऑक्स्नर-शेरेन’ याच जुन्या नावाने ओळखतात.

त्या मधल्या आठवड्यांत मूल खेळत असतं, जेवत असतं. पोटात मात्र साफसफाई चालू असते. सुरुवातीला जंतूंशी लढायला न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी धावून येतात. त्या अल्पायुषी पेशी, मरतात आणि त्यांचा पू होतो. मागून येतात मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. मेलेल्या पेशी, जंतूंचे अवशेष, जुनं रक्त, सगळं त्या गिळतात. मेलेल्या पेशींच्या आवरणातली चरबी मात्र त्यांना लवकर पचत नाही. ती स्वतःच्या आत साठवून त्या फुगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसतात. अशा पेशी पुष्कळ जमल्या की तो भाग नुसत्या डोळ्यांनाही पिवळसर दिसतो. ‘झँथोस’ म्हणजे ग्रीक भाषेत पिवळा. काही ठिकाणी भक्षक पेशी एकमेकींना खेटून घट्ट पुंजके करतात, ते ग्रॅन्युलोमा. एक-दोन दिवसांत काढलेल्या अपेंडिक्समध्ये हे क्वचितच सापडतं, कारण तिथे साफसफाई सुरू व्हायच्या आधीच अवयव बाहेर आलेला असतो.

२००३ मध्ये गुओ आणि ग्रीन्सन या पॅथॉलॉजिस्टांनी हे आकड्यांत दाखवलं. उशिरा काढलेल्या २२ अपेंडिक्सपैकी १३ मध्ये त्यांना ग्रॅन्युलोमा दिसले आणि ८ मध्ये झँथोग्रॅन्युलोमॅटस सूज. नमुना लहान होता, पण लगेच काढलेल्या अपेंडिक्सशी तुलना केली तर फरक ठळक होता. म्हणजे एरवी ‘दुर्मीळ’ म्हणून नोंदवली जाणारी ही सूज उशिराच्या ऑपरेशनात मुळीच आश्चर्याची नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण एकाच चित्राचा अर्थ इथे कॅलेंडर पाहून बदलतो.

तरीही आपल्या देशात ग्रॅन्युलोमा दिसला की टीबीचा विचार करावाच लागतो. पोटाचा टीबी लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तिथे जास्त आढळतो आणि अपेंडिक्स त्याच्या अगदी शेजारी. टीबीच्या ग्रॅन्युलोमात मधला भाग मरून पनीरासारखा भुसभुशीत झालेला असू शकतो. जंतू शोधायला खास रंगद्रव्यं आणि जनुकीय चाचणीही आहे. त्याचबरोबर मुलाचं वजन घटतंय का, ताप रेंगाळतोय का, जुलाब किंवा शौचातून रक्त आहे का, घरात कुणाला टीबी झाला होता का, हे विचारायलाच हवं. क्रोन्सचा संशयही याच प्रश्नांतून बळावतो किंवा विरतो. यातलं काहीच नसेल, तर सहसा अपेंडिक्स काढणं हाच पूर्ण उपचार ठरतो. केवळ रिपोर्टमधल्या एका शब्दावरून मुलाला सहा महिने टीबीची औषधं देणं मला अन्यायाचं वाटतं. त्या औषधांनी यकृतावर ताण येऊ शकतो.

सर्जनचीही इथे कसोटी लागते. जाड झालेलं, आजूबाजूला चिकटलेलं अपेंडिक्स कधी कधी थेट गाठीसारखं दिसतं. कर्करोगाच्या शंकेने आतड्याचा भागही काढला गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

पॅथॉलॉजिस्टला मूल दिसत नाही. त्याच्यासमोर येते फॉर्मॅलिनची बाटली आणि सोबतचा एक फॉर्म. त्यावर फक्त ‘अपेंडिक्स’ लिहिलेलं असेल, तर ग्रॅन्युलोमा पाहून त्याला संभाव्य कारणांची लांबलचक यादी द्यावी लागते. ‘गोळा झाला होता, अँटिबायोटिक दिले, आठ आठवड्यांनी काढलं’ एवढी एक ओळ असेल, तर त्या यादीत सगळ्यात वर काय लिहायचं ते त्याला कळतं. पहिल्या दुखण्याची तारीख आईला पक्की आठवत असते. ती त्या फॉर्मवर लिहिली आहे ना, हे ऑपरेशनच्या दिवशीच सर्जनना विचारता येतं.