तियागो : संताचा 'त' घेऊन आलेलं नाव

२०१६ साली टाटांच्या नव्या छोट्या गाडीचं नाव ऐनवेळी बदलावं लागलं. ठरलेलं नाव होतं 'झिका', आणि नेमकी तेव्हाच झिका विषाणूची साथ जगभर गाजत होती. मग 'टियागो' आलं. पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये मात्र हे मुलाचं अगदी नेहमीचं नाव आहे. पोर्तुगालमध्ये ते 'तियागु'च्या जवळपास ऐकू येतं, ब्राझीलच्या बऱ्याच भागांत 'चियागु'. ब्राझीलमध्ये कित्येक जण स्पेलिंगमध्ये एच घालतात, म्हणून आपल्याकडे फुटबॉलच्या बातम्यांत 'थियागो' छापून येतं. उच्चारात तो 'थ' नसतो.

हे नाव मूळचं याकोब. अरबीत याकूब, लॅटिनमध्ये याकोबुस. स्पेन-पोर्तुगालकडच्या बोलींत 'क'चा 'ग' झाला, शेपूट गळालं आणि 'इयागो' उरलं. मग 'त' कुठून आला?

तो आला संतामुळे. येशूच्या बारा शिष्यांपैकी जब्दीचा मुलगा याकोब याची कबर स्पेनच्या वायव्येकडच्या गॅलिसियात सापडल्याचं नवव्या शतकात जाहीर झालं. तिथे सांतियागो दे कोम्पोस्तेला हे तीर्थक्षेत्र उभं राहिलं आणि युरोपभरातून यात्रेकरू पायी येऊ लागले. संताचं नाव सतत लोकांच्या तोंडी राहिलं. पोर्तुगीजमध्ये संताच्या नावाआधी, ते स्वराने सुरू होत असेल तर 'सांतु' आणि व्यंजनाने होत असेल तर 'सांव' लावतात : सांतु आंतोनियु, पण सांव पाउलु. जुन्या 'सांत इयागो'चे शब्द बोलताना एकमेकांत मिसळले आणि ऐकणाऱ्यांनी ते भलत्याच ठिकाणी तोडले : सांव तियागु. संताचा 'त' नावाला कायमचा चिकटला. गोव्यातल्या 'सांजाव' सणात तर 'सांव जुआंव' (संत जॉन) हे अख्खं नावच एकजीव झालं आहे.

अर्थाबद्दल बायबलचा पहिला ग्रंथ सांगतो की याकोब (हा येशूच्या शिष्याच्या कितीतरी आधीचा, मूळ याकोब) जन्मला तो जुळ्या भावाची, एसावाची, टाच धरून. हिब्रूत टाचेला 'आकेव' म्हणतात. पुढे याकोबामुळे वडिलांचा आशीर्वादही हातचा गेल्यावर चिडलेला एसाव याच नावातून 'फसवून जागा घेणारा' असा अर्थ काढतो. नावांच्या पुस्तकांत आणि बाळाच्या नावांच्या याद्यांत तियागोपुढे बहुधा हाच अर्थ दिलेला असतो, आणि ते मला पटत नाही. मूळ नाव 'याकोव-एल', म्हणजे 'देव रक्षण करो', असं असावं, हे अनेक अभ्यासकांचं मत जास्त सयुक्तिक वाटतं. एक तर याच घडणीची नावं बायबलबाहेरच्या प्राचीन लेखांतही सापडतात. शिवाय आईबाप मुलाला नाव ठेवताना आशीर्वादच देतात.

'दियोगु' हे नावही तियागोचाच भाऊ, असं सर्रास सांगितलं जातं. इथे जरा जपून बोलायला हवं, कारण मध्ययुगीन लॅटिन दस्तऐवजांत दियोगुसाठी 'दिदाकुस' असं वेगळंच रूप येतं, आणि त्याचा याकोबाशी संबंध दाखवणं अवघड आहे. दियोगुचा मुलगा तो 'दियश', हे मात्र पक्कं. जसा फर्नांदुचा मुलगा फर्नांदिश. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला १४८८ साली वळसा घालणारा बार्तोलोमेउ दियश याच आडनावाचा. बाप्तिस्म्याबरोबर ही आडनावं गोव्यात आणि वसईत आली, आणि इंग्रजी वाचनामुळे आपल्याकडे दियशचा 'डायस' झाला.