देठ सांभाळून

मे महिन्यात रत्नागिरीला आंब्यांची उतरवणी चालू होती. मावसबहीण पडवीत माझ्याजवळ सरकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, दोघांना अंगावर पाजलं, त्यानेच ओघळलं ना सगळं?" मुंबईच्या एका सर्जनने तिला स्तन उचलून, त्याच वेळी आत इम्प्लांट, म्हणजे भर देणारी कृत्रिम उशी, बसवायचं सुचवलं होतं.

आधी हा पाजण्याचा आळ काढून टाकू. स्तनात स्नायू नसतो. असते ती चरबी, दूधग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतूंचे बंध. अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाने 1840 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते कूपरचे बंध. गरोदरपणात स्तन भरतात, कातडी ताणली जाते. पुढे आतला ऐवज घटतो, पण कातडी तेवढी आक्रसत नाही. त्यात वय, वजनाची चढउतार आणि तंबाखूची भर. पाजलं काय, न पाजलं काय, फारसा फरक पडत नाही. बाजारातल्या 'सुडौल' तेलांनी कातडी घट्ट होत असती, तर आमच्या आजीच्या गालावर एक सुरकुती दिसली नसती.

आता खरी गंमत. उचलण्याच्या शस्त्रक्रियेत जादा कातडी काढून पिशवी लहान करतात. इम्प्लांट त्याच पिशवीत भर घालतं. एक हात आवळतो, दुसरा आतून फुगवतो, आणि मधल्यामध्ये सापडतं रक्त.

अंगठ्याचं नख दाबून बघा. पांढरं पडतं, सोडलं की गुलाबी होतं. केशवाहिनीत शिरताना रक्ताचा दाब साधारण 35 मिलिमीटर पारा, बाहेर पडताना 15 च्या आसपास. म्हणजे ताण वाढला की पातळ भिंतीच्या शिरा आधी दबतात. रक्त येत राहतं, पण परतीची वाट बंद. कातडी जांभळी पडते, पुढे काळी.

स्तनाग्र वर नेताना ते कापून वेगळं करत नाहीत. रक्तवाहिन्यांसकट मांसाचा एक पट्टा राखून त्यावरच ते सरकवतात. मी त्याला देठ म्हणते. झेल्याने आंबा देठासकट उतरवतात ना, तसं. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि फळ डागाळतं. इथे डाग पडण्यावर भागत नाही. त्यातून इम्प्लांट थेट ग्रंथीखाली ठेवायचं, तर छातीच्या स्नायूतून वर येणाऱ्या बारीक धमन्याही तुटतात, म्हणून बरेच सर्जन ते स्नायूखाली ठेवतात. काही जण आधी उचलतात आणि काही महिन्यांनी इम्प्लांट घालतात.

सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट 1962 मध्ये अमेरिकेत बसवलं गेलं. ते जन्मभर टिकत नाही. भोवती शरीर स्वतःचं आवरण विणतं, ते कधीकधी आवळून दगडासारखं होतं. खरबरीत पृष्ठभागाचे काही प्रकार लिम्फोमा या कर्करोगाच्या एका दुर्मीळ प्रकाराशी संबंध दिसल्यावर 2019 मध्ये बाजारातून मागे घेतले गेले. 'जेवणाच्या सुट्टीत शस्त्रक्रिया' असल्या जाहिरातींत यातलं काही नसतं.

बहीण स्वतःचं नख दाबून बघत होती. म्हणाली, "सर्जनने विचारलं, सिगारेट ओढता का? मी नाही म्हटलं."

"आणि मशेरी?"

"ती काय सिगारेट आहे?"

निकोटिन दातावर घासा की ओढा, धमन्या आकसतात त्या आकसतातच. शस्त्रक्रियेच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे बंद, असं सांगितल्यावर तिने ओसरीच्या कोनाड्यातल्या डबीकडे पाहिलं.