‘हो’ म्हणा, पण कशाला ते सांगू नका

१९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात शहरी बायकांची एक पाहणी झाली. विचारायचे होते ते असे: गेल्या बारा महिन्यांत तुम्ही गर्भपात करून घेतला का? गर्भपाताला तेव्हा त्या देशात बहुतेक ठिकाणी कायद्याची आडकाठी होती. जिथे कायदा थोडा सैल झाला होता तिथेही शेजारीपाजारी सैल झालेले नव्हते. दारात आलेल्या परक्या माणसाला असल्या प्रश्नाचे खरे उत्तर कोण देणार?

म्हणून सरळ उत्तर मागितलेच नाही. समोरच्या बाईच्या हातात प्लॅस्टिकची एक छोटी बंद डबी दिली. आत लाल आणि निळ्या गोळ्या. डबी चांगली खुळखुळवायची आणि तिरपी करायची, की खिडकीत एकच गोळी येऊन थांबते. ती दिसते फक्त डबी हातात असलेल्या बाईला. लाल आली तर लाल वाक्य: ‘गेल्या वर्षभरात मी गरोदर होते आणि गर्भपात करून घेतला.’ निळी आली तर निळे: ‘माझा जन्म एप्रिल महिन्यातला आहे.’ मग तोंडाने एवढेच म्हणायचे, हो किंवा नाही. कोणत्या वाक्याला, ते सांगायचे नाही.

एखादी ‘हो’ म्हणाली तर ती एप्रिलमध्ये जन्मलेली असेल, नसेलही. विचारणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही, आणि उद्या पोलिसाने वही उघडून पाहिली तरी त्यालाही नाही.

मग आकडा निघतो कसा? समजा डबीत ५० गोळ्या आहेत, ३५ लाल आणि १५ निळ्या. १,००० बायकांना विचारले आणि ६० जणी ‘हो’ म्हणाल्या. गोळ्यांच्या प्रमाणात पाहिले तर साधारण ७०० जणींनी गर्भपाताच्या वाक्याला उत्तर दिले असणार आणि ३०० जणींनी एप्रिलच्या. महिने बारा, म्हणून त्या ३००पैकी २५ जणींचे ‘हो’ एप्रिलच्या खात्यावर टाकायचे. उरले ३५. ते ७००पैकी, म्हणजे ५ टक्के. कुणाचेही गुपित न उघडता सगळ्यांचा मिळून आकडा हाती आला. (सगळ्या महिन्यांत जन्म सारखे होत नाहीत हे खरे. पण एप्रिलचे नेमके प्रमाण जन्मनोंदणीवरून काढता येते.)

या युक्तीचे मूळ आहे स्टॅन्ली वॉर्नर यांच्या १९६५ सालच्या शोधनिबंधात. वॉर्नरच्या रचनेत एप्रिल नव्हता. फिरती चकती होती आणि दोन्ही वाक्ये त्याच नाजूक गोष्टीबद्दल होती: ‘मी त्या गटातला आहे’ आणि ‘मी त्या गटातला नाही’. कल्पना देखणी, पण फार खर्चिक. वरचेच आकडे घ्या. ५ टक्के लोक गटातले, चकतीवर पहिले वाक्य ७० टक्के वेळा येणार. १,००० जणांत ३२० ‘हो’ येतील, आणि त्यांतले २८५ असतील त्या निष्पाप मंडळींचे, ज्यांच्या वाट्याला दुसरे वाक्य आले. या गोंगाटातून ५ टक्के वेचून काढायचे आहेत. १,००० माणसांनी तोंडावर खरे सांगितले असते तर आकडा जितका पक्का मिळाला असता, तितका पक्का मिळवायला वॉर्नरच्या चकतीला २८,०००हून जास्त माणसे लागतात. एप्रिलच्या डबीला साधारण २,४०० पुरतात. एक बिनमहत्त्वाचा प्रश्न मध्ये घुसवल्याने झालेली ही बचत मला मूळ शोधाइतकीच मोठी वाटते. १९६९ साली तिचे गणित बर्नार्ड ग्रीनबर्ग, डॅनियल हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले.

हॉर्विट्झ हे नाव संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला चांगले ओळखीचे असते, पण वेगळ्याच कामामुळे. १९५२ साली त्यांनी आणि डोनोवन थॉम्पसन यांनी नमुना पाहणीचा एक नियम दिला. निवडलेल्या प्रत्येक घराचे उत्तर, ते घर निवडले जाण्याच्या शक्यतेने भागायचे आणि मग बेरीज करायची. २०त एक शक्यता असलेले घर २० घरांच्या वतीने बोलते, ५००त एक असलेले ५०० घरांच्या वतीने. या आकड्याला पाहणीच्या भाषेत वजन म्हणतात. मग सगळ्यांना सारखीच संधी द्यायची सक्ती उरत नाही. संधी कितीही कमीजास्त असू द्या, ती शून्य नसावी आणि आपल्याला माहीत असावी.

कमीजास्त संधी द्यायचीच कशाला? एका गावात १,००० घरे, दुसऱ्यात २००. दोन्ही गावांना सारखी संधी देऊन निवडलेल्या गावातून २० घरे घेतली, तर लहान गावातल्या घराला मोठ्या गावातल्या घराच्या पाचपट संधी मिळते. उलट, गावालाच घरांच्या प्रमाणात संधी दिली आणि मग प्रत्येक गावातून २० घरे घेतली, की हिशेब जुळतो: मोठे गाव पाचपट सहज निवडले जाते, पण त्यात घर मिळणे पाचपट अवघड. प्रत्येक घराची संधी अखेर एकच होते.

आता अशी प्रमाणात निवड करायची कशी? सगळ्या गावांच्या घरांची बेरीज मांडत बसणे हे संगणकापूर्वीच्या काळात जिकिरीचे काम होते. १९५१ साली डी. बी. लाहिरी यांनी दाखवलेली वाट मला फार आवडते. समजा तालुक्यात ८० गावे आहेत आणि सर्वांत मोठ्या गावात १,००० घरे. पहिला यादृच्छिक आकडा १ ते ८०मधला काढा, समजा ३७ आला. दुसरा १ ते १,०००मधला, समजा ६४०. यादीत ३७व्या गावात पाहा: ४१० घरे. ६४०पेक्षा कमी, म्हणून गाव बाद, दोन्ही आकडे नव्याने काढा. या खेपेला १२ आणि ३०० आले. बाराव्या गावात ८५० घरे आहेत. गाव घेतले. ८५० घरांचे गाव या चाळणीतून १,०००त ८५० वेळा पार होते, ४१०चे ४१० वेळा. बेरीज एकदाही करावी लागत नाही.

हॉर्विट्झ-थॉम्पसनच्या नियमाची यथेच्छ टिंगल केली ती कोलकात्यात तयार झालेल्या देवव्रत बसू यांनी, १९७१ साली. त्यांच्या गोष्टीत सर्कसचा मालक ५० हत्तींचे एकूण वजन काढू पाहतो. साधारण मध्यम बांध्याचा साम्बो हत्ती तोलून ५०ने गुणावे, असा त्याचा विचार. सर्कसचा संख्याशास्त्रज्ञ म्हणतो, छे, निवड चिठ्ठीनेच व्हायला हवी. तडजोड होते: साम्बोला १००त ९९ संधी, बाकी ४९ हत्तींना प्रत्येकी ४,९००त एक. चिठ्ठीत अर्थातच साम्बो येतो. मालक खूश. पण नियम सांगतो, साम्बोचे वजन ९९/१००ने भागा. म्हणजे ५० हत्ती मिळून एका साम्बोपेक्षा जरासेच जड! आणि थोराड जम्बो निघाला असता तर? त्याचे वजन गुणिले ४,९००. संख्याशास्त्रज्ञाची नोकरी जाते. बसूंनी वर टोमणा मारलाय, की बहुधा तो पुढे संख्याशास्त्राचा शिक्षक झाला.

गंमत बाजूला ठेवली तरी मुद्दा पक्का आहे. नियम सरासरीने बरोबर असतो, हाती आलेल्या एका नमुन्यात तो हास्यास्पद ठरू शकतो. संधी आणि मोजायची गोष्ट यांचे प्रमाण जुळलेले हवे. म्हणूनच गावाला संधी घरांच्या संख्येप्रमाणे द्यायची, सरपंचाच्या वयाप्रमाणे नव्हे.

गोळ्यांची डबी आणि लाहिरींची चाळणी, दोन्हीकडे उत्तर वाकडे करतो तो आपणच. किती वाकडे केले ते ठाऊक असते, म्हणून उलटा हिशेब करून सरळही करता येते. अडचण येते ती माणसाने स्वतःहून वाकडे केले की. लाल गोळी पाहून घाबरलेली बाई निमूट ‘नाही’ म्हणते. कुणी सूचना नीट न वाचता काहीतरी खूण करून मोकळा होतो. अशांचे प्रमाण कुणी ठरवलेले नसते. मार्क होग्लिंगर आणि आंद्रेआस डीकमान यांनी २०१७ साली डबीच्या एका आधुनिक भावंडाची परीक्षा घेतली. त्यात दोन वाक्ये एकत्र देतात आणि दोन्हींची उत्तरे सारखी आहेत की वेगळी, एवढेच विचारतात. त्यांनी मुद्दाम असे प्रश्न घातले, ज्यांचे उत्तर जवळपास सगळ्यांचे ‘नाही’ असणार: दुसऱ्याचा अवयव तुमच्या शरीरात बसवला आहे का, लॅटिन अमेरिकेतला शागास हा रोग तुम्हाला झाला होता का. या पद्धतीने तिथेही डोळ्यांत भरण्याइतके ‘हो’ दाखवले. कशीही खूण करणारे लोक आकडा निम्म्याकडे ओढत नेतात, आणि जास्त ‘हो’ म्हणजे जास्त प्रामाणिक उत्तरे असे समजणारा संशोधक फसतो. गूगलने २०१४ साली क्रोम ब्राउझरमधून आकडेवारी गोळा करायला वॉर्नरचीच कल्पना वापरली. तिथे हा त्रास नव्हता. ब्राउझर लाजत नाही आणि सूचनाही तंतोतंत पाळतो.

आपल्याकडची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली होते. तिच्यात घरगुती हिंसेचे प्रश्न असतात, पण डबी नसते. तिथला नियम साधा आहे. हे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारायचे आणि तेही ती एकटी असेल तरच. सासू आणि सून दोघी पात्र असल्या तरी दोघींना नाही, म्हणजे काय विचारले हे घरात दुसऱ्या कुणाला कळायचे कारण नाही. यामुळे तीन पात्र बायकांच्या घरातल्या बाईची संधी एक तृतीयांश होते, म्हणून तिच्या उत्तराला तिप्पट वजन. हॉर्विट्झ-थॉम्पसन इथपर्यंत चोख चालतो.

पण खोलीतून नवरा हलतच नसेल, तर हे प्रश्न विचारले जात नाहीत आणि तशी नोंद होते. पाहण्यांमधली अशी गळती भरायला उरलेल्यांची वजने थोडी वाढवतात, सुटलेले लोक सापडलेल्यांसारखेच असतील असे धरून. जिला पाच मिनिटे एकटे बसू दिले नाही ती बाई, जिला दिले तिच्यासारखीच असेल, हे धरणे मला तरी जड जाते.