खाजवणारा तंतू आणि फुप्फुसात जाणारा तंतू

ग्लासवूलच्या, म्हणजे काचेच्या तंतूंपासून बनवलेल्या लोकरीसारख्या पदार्थाच्या, कामावर नव्याने लागलेला कामगार पहिल्या दिवशी मनगटं, मान आणि कंबर खाजवतच घरी जातो. काही आठवड्यांनी तोच सांगतो, ‘आता सवय झाली, काही होत नाही.’ सवय झाली हे खरं आहे. बऱ्याच जणांच्या त्वचेला या टोचण्याचा सराव होतो आणि खाज कमी होते. ‘काही होत नाही’ हे मात्र त्यावरून ठरत नाही. त्वचेला टोचणारे तंतू जाड असतात आणि फुप्फुसात खोलवर पोचणारे बारीक. बारीक तंतूंची खाज सुटत नाही, त्यामुळे ते आल्याचं कळतही नाही. काचतंतूंजवळ राबणाऱ्या प्रत्येकाला काम सुरू होण्याआधी ही एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

इथलं सगळं गणित जाडीचं आहे आणि ती मोजायची मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. बोटी, टाक्या, पवनचक्कीची पाती यांच्या एफआरपीसाठी, म्हणजे काचतंतू घालून मजबूत केलेल्या प्लास्टिकसाठी, काचेचा सलग धागा ओढतात, तो बहुधा ६ मायक्रोमीटरपेक्षा जाड असतो. उष्णता किंवा आवाज अडवण्यासाठी वापरायच्या ग्लासवूलचं तसं नाही. वितळलेली काच वेगाने फिरणाऱ्या तबकडीच्या छिद्रांतून बाहेर फेकून ती बनवतात, त्यामुळे एकाच गठ्ठ्यात १ मायक्रोमीटरहून बारीक आणि १० मायक्रोमीटरहून जाड असे सगळेच तंतू मिसळलेले असतात. अतिसूक्ष्म गाळण्या आणि बॅटरीतले विभाजक पडदे यांसाठी तर मुद्दाम १ मायक्रोमीटरच्या आतले तंतू तयार करतात.

त्वचेला त्रास होतो तो साधारण ४.५ ते ५ मायक्रोमीटरपेक्षा जाड तंतूंचा. तुटलेल्या काचतंतूची टोकं धारदार असतात, तंतू ताठ असतो आणि कपडा घासला की तो कातडीच्या वरच्या थरात रुततो. म्हणूनच पुरळ उठतं ते कॉलर, बाही आणि पट्टा जिथे घासतो तिथे, कोपराच्या आतल्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यांत. नखांच्या कडा सुजतात. बारीक लाल पुळ्या, त्यांवर खाजवल्याचे ओरखडे आणि खाजेच्या मानाने डोळ्यांना फारसं काही न दिसणं, या लक्षणांमुळे डॉक्टरही फसतात. खरूज समजून मलम दिलं जातं आणि अर्थातच गुण येत नाही. खरी तपासणी तशी सोपी आहे. त्वचा हलकेच खरवडून किंवा तिच्यावर चिकटपट्टी लावून ती काढायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. त्वचेच्या विस्कटलेल्या पेशींमध्ये सरळ, पारदर्शक, दोन्ही कडा समांतर असलेल्या काड्या दिसल्या की निदान झालं. त्यासाठी ‘काम काय करता?’ हा प्रश्न मात्र आधी विचारायला हवा.

घरच्यांचं काय, हेही विचारायला हवं. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुतले की तंतू त्यांत शिरतात आणि कारखान्याचं तोंडही न पाहिलेल्या मुलांना खाज सुटते. काचतंतूंचे पडदे ज्या यंत्रात धुतले त्यातच नंतर अंगावरचे कपडे धुतल्याने कुटुंबंच्या कुटुंबं खाजेने हैराण झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कामाचे कपडे वेगळे धुवा आणि नंतर यंत्र पाण्याने रिकामं फिरवून घ्या. अंगावर तंतू बसले असतील तर आधी न चोळता वाहत्या गार पाण्याखाली ते जाऊ द्यावेत, साबण नंतर. झटकायला कॉम्प्रेसरची हवा मारणं सर्वांत वाईट, त्याने तंतू कातडीत आणि हवेत दोन्हीकडे जातात.

एक वेगळा त्रास काचेच्या नावावर खपतो, पण असतो रेझिनचा, म्हणजे तंतू चिकटवणाऱ्या राळेसारख्या रसायनाचा. ग्लासवूलमधले तंतू एकमेकांना धरून राहावेत म्हणून अनेकदा फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिन वापरतात, एफआरपीत इपॉक्सी किंवा पॉलिस्टर. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की थोड्याशा संपर्कानेही पुरळ उठतं आणि पापण्या सुजतात. काचेच्या टोचण्याची त्वचेला सवय होते, इथे मात्र प्रत्येक संपर्कागणिक त्रास वाढू शकतो. सुट्टीतही पुरळ जात नसेल, त्यातून पाणी येत असेल, तर पॅच टेस्ट (संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून केलेली अ‍ॅलर्जीची तपासणी) करून घ्यावी.

आता श्वासाकडे येऊ. जाड तंतू नाकात आणि घशातच अडकतात. शिंका, घशाची खवखव, कोरडा खोकला, क्वचित नाकातून रक्त, डोळ्यांची चुरचुर हा सगळा त्यांचाच प्रताप. काम थांबलं की हे त्रास बहुधा थांबतात, दम्याच्या रुग्णांना मात्र जास्त जपावं लागतं. सुमारे ३ मायक्रोमीटरपेक्षा बारीक तंतू हवेच्या प्रवाहाच्या दिशेने वळून आडवे न होता पुढे सरकतात आणि लांब असले तरी थेट वायुकोशांपर्यंत पोचू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत म्हणूनच ५ मायक्रोमीटरपेक्षा लांब, ३ पेक्षा बारीक आणि जाडीच्या किमान तिप्पट लांबी असलेले तंतू धरतात.

तिथे त्यांची गाठ पडते मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशींशी. आखूड तुकडा ही पेशी पूर्ण गिळते आणि बाहेर वाहून नेते. तंतू १५-२० मायक्रोमीटरपेक्षा लांब असला तर तो तिच्यात मावत नाही. अर्धवट गिळलेल्या तंतूभोवती ती दाहकारक रसायनं सोडत राहते. अ‍ॅस्बेस्टॉसचा घात इथेच होतो. त्याचा तंतू बांबू उभा चिरावा तसा चिरत जाऊन आणखी बारीक होतो, लांबी मात्र तेवढीच राहते, आणि तो फुप्फुसात अनेक वर्षं टिकतो. काच आडवी तुटते, म्हणजे जाडी तीच राहून तुकडे आखूड होतात. शिवाय नेहमीच्या ग्लासवूलची काच फुप्फुसातल्या द्रवात हळूहळू विरघळते. लांब तंतू पातळ होतो, तुटतो आणि मग मॅक्रोफेजला झेपतो.

युरोपीय संघाने १९९७ साली हाच टिकाऊपणा कायद्यात आणला. प्राण्यांच्या श्वासातून दिलेल्या २० मायक्रोमीटरपेक्षा लांब तंतूंचा अर्धा साठा १० दिवसांच्या आत नाहीसा होत असेल, तर त्या ऊलला कर्करोगकारक वर्गीकरणातून सूट मिळते. उत्पादकांनीही त्यानुसार काचेची घडण बदलली. माझ्या मते कामगारांच्या आरोग्यासाठी झालेल्या कामांत याचं मोल मोठं आहे, कारण इथे मास्कच्या आधी पदार्थच बदलला गेला.

कर्करोगाचं काय? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये ग्लासवूलला ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हणजे २बी गटात ठेवलं होतं. अमेरिकेतल्या १० कारखान्यांतल्या ३२ हजारांहून अधिक कामगारांच्या पाहणीत श्वसनमार्गाच्या कर्करोगाचं प्रमाण किंचित जास्त निघालं, पण तंतूंशी संपर्क वाढला म्हणून धोका वाढला असं दिसलं नाही, आणि त्या वाढीत धूम्रपानाचा वाटा मोठा होता. अशा पुराव्यांनंतर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या फेरविचारात उष्णतारोधक ग्लासवूल, रॉकवूल (दगड वितळवून केलेलं) आणि स्लॅगवूल (धातूची मळी वितळवून केलेलं) तिसऱ्या गटात गेले; सलग काचधागे आधीपासूनच त्या गटात होते. तिसऱ्या गटाचा अर्थ ‘निर्धोक’ असा लावू नये. हाती असलेल्या पुराव्यावरून वर्गीकरण करता येत नाही, एवढाच तो आहे. गाळण्यांसारख्या खास कामांसाठीचे बारीक, टिकाऊ काचतंतू आणि भट्ट्यांचे सिरॅमिक तंतू २बी गटातच राहिले.

म्हणजे ‘फायबर’ एवढंच सांगून भागत नाही. कोणत्या प्रकारचं, हे पिशवीवरच्या आणि सुरक्षा माहितीपत्रकातल्या मजकुरावरून कळतं आणि ते मागण्याचा कामगाराला हक्क असायला हवा. काम कसं केलं जातं यानेही फार फरक पडतो. रेझिनने बांधलेली गादी सुरीने कापली तर धूळ कमी उडते, पॉवर सॉने कापली तर बरीच. बिनरेझिनचं मोकळं ऊल बंद माळ्यावर पाइपने फुंकताना हवेतले तंतू सर्वांत जास्त वाढतात. तिथे एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा, चेहऱ्याला नीट बसणारा मास्क लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक तंतू अडवत नाही. सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बाजूने बंद चष्मा हवा. एफआरपीचं ग्राइंडिंग असेल तर हत्यारालाच धूळ ओढणारी नळी जोडावी.

सर्वांत जास्त काळजी भट्टीचं जुनं अस्तर काढताना घ्यावी. ते सिरॅमिक तंतूंचं असतं आणि दिसायला पांढऱ्या ऊलसारखंच. पण १,००० अंश सेल्सिअसच्या वर दीर्घकाळ तापल्यावर त्यातल्या काही भागाचं क्रिस्टोबलाइट बनतं. हा स्फटिकी सिलिकाचा प्रकार आहे, सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजाराला आणि फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरणारा. भट्टी पूर्ण थंड झाल्यावर अस्तर ओलं करून काढावं, कोरडं झाडू नये, आणि एन-९५ वर न थांबता त्याहून वरच्या दर्जाचं श्वसन-संरक्षण वापरावं. अंगाला खाज सुटली नाही तरीही.